कॅप्टनचा फोटो भिंतीवरच राहील

सगळ्यात आधी वर आल्या त्या हज्जा बहिगा, नवऱ्या मुलाची आजी. तीन जिने, गुडघे धरत, पण बाकीच्यांच्या आधी. त्यांचा मुलगा, सून आणि नवरामुलगा बस्बूसा मिठाईचा खोका सांभाळत मागून आले. माझ्या नातीला, शाहीनाजला, मागणी घालायला आले होते. ही शुक्रवारची गोष्ट. त्या दिवशी जे झालं त्यामुळेच लिहायला बसले आहे, म्हणून ते आधी आलं. आता रीतसर.

अल्लाहचं नाव घेऊन लिहिते, की मी इन्शिराह, बशन्दी बम्बूतीची मुलगी, मरहूम शेहाताची बायको, वय सहासष्ट, राहणार पोर्ट सैद, अल-अरब मोहल्ला. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी पत्ते खेळून बघावेत. शाळा तिसरीपर्यंत, तेव्हा अक्षराला हसू नये. जबरदस्ती कोणी केलेली नाही. उलट मुलगा ममदूह दोन दिवस "नको लिहूस" म्हणून मागे लागला आहे.

एक. घर आणि हातातल्या चार बांगड्या यांबाबत मी काही बोलत नाही. शरियतीप्रमाणे ममदूहला दोन वाटे, त्याच्या बहिणीला एक. वारसाला मृत्युपत्राने वेगळं काही देता येत नाही, पण जो वारस नाही त्याला तिसऱ्या हिश्श्यापर्यंत देता येतं, हे खालच्या अब्दुश्शकूर शिंप्याने समजावलं. नात शाहीनाजचा बाप, ममदूह, जिवंत, म्हणजे ती वारस नाही. हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी त्याला दुसरा चहा दिला.

दोन. मासे तळायचा मोठा तवा शेजारीण दौलतला. तो तसाही तिच्याकडेच असतो.

तीन. शेहाताची होड्या दुरुस्त करायची हत्यारं गोदीतल्या ज्या गरजू कारागिराला हवीत त्याला द्यावीत. माझ्या जावेच्या घरी जाऊ नयेत. माझ्या लग्नात ती चारचौघींत म्हणाली होती, नवरीचे हात वल्ही मारून राठ झालेत. खरं होतं ते, पण म्हणायचं नसतं.

चार. आता फोटो.

माझे वडील छोट्या होडीतून सुएझ कालव्यातल्या जहाजांपाशी जाऊन चामडी पाकिटं, पितळी उंट असलं काहीबाही विकायचे. यालाच बम्बूती म्हणतात. वल्ही मी मारायची. खालून वर बघताना जहाजाच्या वरच्या कठड्याशी उभा असलेला कॅप्टन दिसायचा, आणि मला वाटायचं, हे तर मलाही जमेल. लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी ग्रीक फोटोवाल्या स्टावरोकडे गेले. त्याच्याकडे कोट होता, टोपी होती, मागे रंगवलेला समुद्र होता. मिशी मी सुरम्याने काढली. फोटो असा आला की सख्ख्या आईने ओळखला नाही.

शेहाताने लग्नानंतर पेटीत तो पाहिला आणि हा कोण म्हणून दोन दिवस जेवला नाही. मीही दोन दिवस सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं, तर हसून हसून त्याला उचकी लागली, आणि त्यानेच खिळा ठोकला. इस्रायलशी लढाई झाली आणि शहर सोडावं लागलं तेव्हा एकच गाठोडं न्यायला परवानगी होती. कॅप्टन माझ्या झग्याखालून मन्सूराला आला. शाळेच्या एका वर्गात आम्ही पाच कुटुंबं राहायचो, आणि तो फळ्याच्या खिळ्यावर.

लोक म्हणतात, जे जगलो नाही त्याचं दुःख करू नये. दुःख करतंय कोण? मला मजा येते. लसूण सोलताना मी त्याला विचारते, आज कुठे नांगर टाकलास? कधी स्मर्ना म्हणतो, कधी मुंबई. इथली वीज गेली की त्याच्या केबिनमध्ये दिवे असतात. पण शाहीनाजला पहिला दात आला तेव्हा तो समुद्रावर होता आणि मी इथे होते, हेही त्याला सुनावते.

तर शुक्रवारी. पाहुणे काय म्हणतील म्हणून ममदूहला फोटो उतरवायचा होता. मी खुर्ची घेऊन फोटोच्या खालीच बसले. मग मी नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला गेले तेवढ्यात त्याने फोटोच्या कोपऱ्यावर काळी फीत लावली, मेलेल्याच्या फोटोला लावतात तशी. म्हणजे घरातला कोणी मरहूम समजून पाहुणे गप्प बसतील. गप्प कसले बसतात? हज्जा बहिगांनी फीत पाहिली, दोन्ही हात पसरले, आणि सगळ्यांनी उभं राहून त्या कॅप्टनच्या आत्म्यासाठी फातिहा म्हटला.

"तुमचे मालक काय देखणे होते हो," हज्जा म्हणाल्या. "किती वर्षं झाली?"

ममदूहने माझ्याकडे डोळे वटारले. मी चहा ओतत होते.

"अजून व्हायची आहेत, हज्जा," मी म्हटलं. "साखर किती घालू? ज्याच्यासाठी फातिहा म्हटलात, तीच विचारतेय."

शाहीनाजला हसू आवरेना. मुलाचा बाप मात्र लाल झाला. असल्या घरात सोयरीक करायची म्हणजे विचार करावा लागेल, असं म्हणून त्याने चपला शोधल्या. ममदूह खाली बघत होता. हज्जा हलल्या नाहीत. भिंतीजवळ गेल्या, चष्मा वर केला.

"मिशी कशाने काढलीस गं?"

"सुरम्याने."

"मी कोळशाने काढली होती. झगाझिग गावी. फोटोत वकील झाले होते." मग चष्मा खाली घेत म्हणाल्या, "लग्न ठरलं आणि मीच फाडला. कोणी सांगितलंसुद्धा नव्हतं."

त्यांच्या मुलाने हातातली चप्पल खाली ठेवली. हे त्यालाही नवीन होतं.

म्हणून लिहून ठेवते: फोटो शाहीनाजचा. मी आहे तोवर माझ्या भिंतीवर, नंतर तिच्या. हे लग्न झालं तर तिच्या सासरच्या दिवाणखान्यात, नाही झालं तर जिथे ती राहील तिथे. पेटीत नाही, कपाटामागे नाही. ज्या घराला हा चालत नाही, त्या घरात तिला देऊ नये. ही अट निकाहाच्या बोलण्यांतही मी स्वतः मांडणार आहे. ममदूह, तू चांगला मुलगा आहेस, पण फीत मी चुलीत घातली.

साक्षीदार: अब्दुश्शकूर शिंपी, सही. दुसरा पुरुष मिळाला नाही, ममदूहने आत जाऊन दार लावलं. एका पुरुषाच्या जागी दोन बायका चालतात, म्हणून दौलत, अंगठा. आणि हज्जा बहिगा, सही. त्या यासाठी आज मुलाला न सांगता टॅक्सीने आल्या होत्या.

लिहून देणार: इन्शिराह.

पोर्ट सैद, रविवार, ११ ऑक्टोबर २००९. पाहुणे हो की नाही ते सांगायला गुरुवारी, पंधरा तारखेला, दुपार कलल्यावर असरच्या नमाजानंतर येतो म्हणाले आहेत.