बरणीशेजारची जागा भरण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
विकृतिशास्त्र संग्रहालय,
वैद्यकीय महाविद्यालय.

विषय : माझ्या थोरल्या भावाच्या हृदयाशेजारची मोकळी जागा तातडीने भरण्याबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज (पोच मिळालेली नाही).

महोदय,

१. मी व्यवसायाने काच बसविणारा असून आपल्याच रुग्णालयाच्या हृदयविभागात उपचार घेत आहे. आमच्या शरीरात चरबीसारखा एक पदार्थ जिरत नाही, पेशींत साठत राहतो. हा दुर्मिळ दोष आम्हां भावांना आईकडून आला. लहानपणी हातापायांची आग होण्यापलीकडे त्रास नव्हता. चाळिशीत हृदयाची भिंत जाड झाली व ठोके चुकू लागले. थोरल्याचेही असेच झाले. औषध मिळण्यापूर्वीच तो गेला व त्याच्याच इच्छेनुसार त्याचे हृदय आपल्या संग्रहालयात बरणीत ठेवण्यात आले. त्याबद्दल तक्रार नाही.

२. आई दर शनिवारी त्याला भेटावयास येते. पहारेकरी सज्जन आहेत, कपाट उघडून देतात, बसायला खुर्चीही देतात. ती त्याला घरचे सगळे सांगते. माझे औषध सुरू झाल्याचेही सांगितले, पण जरा हळू आवाजात.

३. आपले विद्यार्थी आधी बरणी पाहतात, मग माझ्या खाटेशी येतात. वागणे अदबीचे असते, मात्र नजर माझ्या तोंडाकडे नसून छातीकडे असते. परवा एक जण म्हणाला, "सर, यांचं अजून तेवढं मोठं झालेलं नाही." डॉक्टरांनी त्याला गप्प केले.

४. भावाच्या बरणीच्या उजवीकडे बरोबर एका बरणीपुरती जागा आहे. मापे घेण्यात माझी हयात गेली, त्यामुळे अंदाज चुकत नाही. तेथे आपण मूत्रपिंड, फुप्फुस, काहीही ठेवावे. नमुना शिल्लक नसल्यास घरची कुंडी आणून देण्यास मी तयार आहे. तिच्यातील झाड प्लास्टिकचे असल्याने पाणी घालण्याचा व्याप आपल्या कर्मचाऱ्यांवर पडणार नाही.

५. मागणी चमत्कारिक वाटेल, याची जाणीव आहे. औषधाने फरक पडेल असे डॉक्टर म्हणतात, मीही तसेच धरून चाललो आहे. मला मरणाची भीती वाटते हे मान्य करतो, परंतु अर्ज त्यासाठी नाही. गेल्या महिन्यात एका शनिवारी मी आईसोबत आलो होतो. तिने नेहमीप्रमाणे रुमालाने बरणी पुसली. मग शेजारची मोकळी जागाही पुसली, पार कोपऱ्यापर्यंत. मी विचारले, "आई, हे काय करतेस?" ती म्हणाली, "काही नाही रे. धूळ होती."

तरी येत्या शनिवारच्या आत ती जागा भरावी, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र,
(सही)
काच बसविणारा,
बरणीतील इसमाचा धाकटा भाऊ

दिनांक : ११ मार्च

सोबत : १) हृदयतपासणीच्या अहवालाची प्रत. २) सदर जागेचे माप.