निम्मं आटवलेलं पाणी

३ एप्रिल

ड्रममध्ये अळ्या! बारीक, वळवळणाऱ्या. झाकण मी स्वतः लावलं होतं, वर वीटही ठेवली होती. नळ येऊन सात दिवस झालेत. खालच्या पारूबाई म्हणतात, अजून दोन दिवस तरी वाट बघ. सगळा ड्रम मोरीत ओतून दिला. अंग धुवायचेही वांधे आता. राम कंपनीतून आला की बोंब मारणार – मारू दे.

चिमी बावीस दिवसांची झाली. मला दूध उतरलंच नाही. बाळंतपणात रक्त फार गेलं, चार पिशव्या चढवल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशानं कधी कधी होतं, तुमचा काही दोष नाही. एका कागदावर लिहून द्या म्हणावं, दारावर चिकटवते. येणारी प्रत्येक बाई आधी माझ्या छातीकडं बघते, मग पोरीकडं.

पावडरच्या डब्यावर सगळं लिहिलंय. किती चमचे, किती पाणी, बाटली कशी उकळायची. पाणी "सुरक्षित" घ्या म्हणे. कोणतं, ते नाही लिहिलं.

४ एप्रिल

जार मागवला. जारवाला दारातूनच – "एकदम फिल्टर का है बाजी, बिनधास्त पिलाव बच्चे को!" सील नव्हतं. उजेडात धरला तर आत तळाशी हिरवी कड. त्याला दाखवली तर म्हणतो, वो तो जार का कलर है.

तरी घेतला. काय करणार?

६ एप्रिल

चिमीला जुलाब. सकाळपासून सात वेळा.

डॉक्टर म्हणाले, पाणी बदला. म्हटलं, कोणतं घेऊ? म्हणाले, स्वच्छ घ्या. मोठा उपकार केला!

बिल्डिंगच्या बोअरचं उकळून बघितलं. पातेल्याला पांढरा थर, खरवडला तर चुन्यासारखा निघाला. हे पोरीच्या पोटात घालू? शहागंजात साडीच्या दुकानात सहा वर्षं काढली मी. गिऱ्हाईक पायरी चढलं की तोंडावरून ओळखायचे – घेणार की नुसत्या घड्या मोडायला लावणार. पाणी बघून मात्र काही कळत नाही. पाण्याला तोंडच नसतं.

७ एप्रिल

नळ आला. पहिलं पाणी लालसर. पुढचं भरलं, पण पोरीला द्यायचा धीर झाला नाही. पुन्हा त्याच ड्रममध्ये भरायचं ना! जारचंच दिलं, दोनदा उकळून. जुलाब आहेतच. नुसती पापण्या मिटून पडून असते. मला लई भीती वाटते.

९ एप्रिल

मामा आले! माझे सासरे. करमाडहून काळी-पिवळीत बसून, दुधाची स्टीलची किटली दोन्ही गुडघ्यांत धरून. किटलीवर ओलं फडकं. मला वाटलं दूध आणलं.

"दूध नाय पोरी, पानी हाय. आपल्या हिरीचं. मी सोता खांदलेली हीर हाय ती. जारचं न् फारचं बंद कर आता."

वाटीत ओतलं. काय पाणी! तळ दिसतो असं. मी एक घोट घेतला आणि रडायलाच लागले, मूर्खासारखी. मामांना वाटलं खारट लागलं. म्हणाले, "चाळीस वर्सं झाली, कळपच्या कळप मेंढरं प्याली तिथलं. एक जनावर आजारी नाय पडलं."

त्यांचा मेंढरांचा वाडगा विहिरीला लागूनच आहे. मेंढ्या रात्री तिथंच बसतात. मी लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा नाकाला पदर लावला होता, तर राम म्हणाला, हा सोन्याचा वास आहे, ह्या लेंडीवर आमची ज्वारी येते.

तरी मी नुसतं तसंच नाही दिलं. उकळलं. पातेलं भरून ठेवलं आणि निम्मं होईपर्यंत उतरवलं नाही. जेवढं जास्त उकळेल तेवढं साफ.

१२ एप्रिल

जुलाब थांबले!!

मामा एक दिवसाआड येणार आहेत. ह्या उन्हात, सत्तरीत. राम नको म्हणाला तर त्यांनी नुसता हात हलवला.

१५ एप्रिल

आज मामांबरोबर आत्याबाई आल्या, राहायला. म्हणजे सासूबाई – म्हाळसाबाई. बाळंतपणात आल्या नव्हत्या, बारशालाही नाही. आता एक महिन्यानं उगवल्या.

आल्या, चिमीला मांडीवर घेतलं. तिच्या हाताची मूठ उघडून एकेक नख बघितलं. मग ओठ खाली ओढून बघितला. म्हटलं, काय बघता? "काय नाय."

पोरीचा रंग बघत असणार. कळत नाही का मला!

१७ एप्रिल

म्हटलं, आत्याबाई, मी अंघोळ करून येते, तेवढी बाटली करून पाजा. दोन चमचे टाकायचे, बस. तर हात पदराखाली! "मला नाय जमत त्ये."

म्हटलं, पाणी मी मोजून ठेवते.

"पावडर वंगाळ असती. मी नाय शिवायची."

मी बिनदुधाची, माझी पावडरही वंगाळ. तशीच मोरीत जाऊन बसले आणि कोरड्या नळाखाली रडून घेतलं.

१८ एप्रिल

पारूबाई म्हणाल्या, आजी आलीय तर घुटी तिनंच उगाळावी, मान तिचा. सहाण त्यांच्यापुढं ठेवली. आत्याबाई उठून गॅलरीत गेल्या. पारूबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं. शेवटी त्यांनीच उगाळली.

नात नको आहे त्यांना, दुसरं काय? मुलगा असता तर उगाळली असती. रामला म्हटलं तर तो म्हणतो, आई कुणाच्याच लेकराला हातानं काही देत नाही, पहिल्यापासून. गावात तर कुणी तिच्याकडं लहान पोर देतही नाही.

का रे?

"माहीत नाही. तसंच आहे."

२२ एप्रिल

मामांनी आज दोन किटल्या आणल्या. मी उकळते, आटवते, गाळते. गॅस लवकर संपतो म्हणून राम कुरकुरला. मी म्हटलं, पोरीचा जीव मोठा का सिलिंडर?

चिमी शांत झोपते हल्ली. पहिल्यासारखी किरकिर नाही.

२६ एप्रिल

चिमी जरा काळवंडली. ऊनच तसं आहे, पत्रे तापतात. आत्याबाईंनी आज तीनदा तिची नखं बघितली. तिसऱ्यांदा मी पोर हिसकावूनच घेतली. म्हटलं, तुमच्या घरात सगळे गोरेच आहेत जणू!

गॅलरीत जाऊन बसल्या. जेवल्याही नाहीत.

२९ एप्रिल

हे दवाखान्यात बसून लिहितेय. हातात दुसरं काही नाही.

दुपारी तीन. मी डोळा लावला होता. आत्याबाईंच्या किंकाळीनंच जाग आली – "निशे! वट बघ! पोरीचे वट नीळे पडले! ऊठ, ऊठ!" चिमी त्यांच्या मांडीवर. ओठ जांभळे, नखं जांभळी, अंग राखेसारखं. रडत नव्हती, नुसती बघत होती. आत्याबाईंनी चप्पलही घातली नाही, पोर छातीशी धरून तापल्या डांबरावरून पळत सुटल्या. साठीची बाई! रिक्षा त्यांनीच अडवली. आख्ख्या रस्त्यात एकच बोलत होत्या, "परत नाय, परत नाय."

सुईनं रक्त काढलं. लाल नव्हतं! काकवीच्या रंगाचं. नर्सनं डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टर तरुण, माझ्याच वयाच्या. विचारलं, पावडर कोणत्या पाण्यात करता? सांगितलं, सासऱ्यांच्या विहिरीचं. विहिरीजवळ काय आहे? म्हटलं, मेंढ्या बसतात. किती वर्षं? चाळीस. त्यांनी पेन खाली ठेवलं.

मी लगेच म्हटलं, उकळून देते मॅडम! निम्मं होईपर्यंत!

त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू बोलल्या. उकळल्यानं जंतू मरतात. लेंडीचं, खताचं जे जमिनीतून पाण्यात उतरतं – नायट्रेट – ते मरत नाही. पाणी आटतं आणि ते मागं उरतं. निम्मं पाणी म्हणजे ते दुप्पट. मोठ्यांना काही होत नाही, एवढ्या लहान बाळाच्या रक्तात मात्र प्राणवायू धरायची ताकदच राहत नाही.

म्हणजे मी. मी रोज आटवून पाजलं. जारनं नाही, नळानं नाही, बोअरनं नाही. मी.

३० एप्रिल

एक निळं इंजेक्शन आहे, शाईसारखं. निळ्या पडलेल्या पोरीला निळं औषध. ते दिलं काल, शिरेतून. सायंकाळपर्यंत ओठ गुलाबी झाले. मी डोळे चोळून चोळून बघितले.

डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर आणलंत. अजून उशीर झाला असता तर... कुणी ओळखलं? म्हणाल्या. मी आत्याबाईंकडं बोट दाखवलं. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, पायाला फोड आलेले.

१ मे

मामा बाहेर लिंबाखाली बसून आहेत. रिकामी किटली शेजारी. आत येत नाहीत. राम भाकरी घेऊन गेला तर म्हणाले, "मी आनलं. माझ्या हातानं आनलं." मी गेले. म्हटलं, आटवलं मी, मामा. मग मीही तिथंच बसले.

३ मे

घरी आलो. आता नळाचंच पाणी – डॉक्टर म्हणाल्या, नदीचं, दवा टाकलेलं, तेच तुम्हाला बरं. आलं की आधी थोडं जाऊ द्यायचं, मग पोरीचं वेगळं, घासलेल्या स्टीलच्या डब्यात, झाकून, तोटीनं काढायचं, हात बुडवायचा नाही. एकदाच उकळायचं, खळखळ उकळी आली की बंद. चांगलं गरम असतानाच पावडर घालायची, मग बाटली थंड पाण्यात धरून कोमट करायची. एवढंच! एवढं डब्यावर लिहायला काय झालं होतं?

पातेल्यासमोरून हलत नाही. उकळी आली की लगेच बंद करते आणि तरी वाटतं, चुकलं.

८ मे

विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट आला. नायट्रेट पंचेचाळीसच्या आत पाहिजे, एकशे बासष्ट आहे.

मामांना वाचून दाखवला. आधी चिडले. "मंग आमी कामून नाय मेलो? राम कामून नाय मेला?" मी डॉक्टरांनी सांगितलं तेच सांगितलं – मोठ्यांना होत नाही. राम तर आईच्या दुधावर वाढला. वरचं दूध पिणारं तान्हं असेल आणि त्यात हे पाणी असेल, तरच.

मामांनी मान वळवली. आत्याबाईंकडं बघितलं. मग उठले, चहा तसाच ठेवून जिना उतरून गेले. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या.

९ मे

सकाळी आत्याबाईंनी रिपोर्ट मागितला. वाचता येत नाही त्यांना. "काय लिवलंय त्ये सांग."

म्हटलं, पाण्याचा दोष आहे. पावडरचा नाही.

"हाताचा?"

हाताचा कशाला असेल?

"परत सांग."

तीन वेळा सांगितलं. मग म्हणाल्या, "रामाच्या पाठीवर एक व्हता. हनुमान. मला कावीळ झाल्ती, अंगावरचं तोडलं. डब्याचं पाजलं मी, त्याच हिरीच्या पान्यात. दीड महिन्याचा व्हता. आदी नखं नीळी पडली, मंग वट. समदे म्हनले, आईचा हात लागला. मी बी तेच म्हनले. बत्तीस वर्सं."

रिपोर्टची घडी करून कनवटीला लावली. मी परत मागितला नाही.

पाच वाजता चिमी भुकेनं रडली. आत्याबाई उठल्या, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. मी जागेवरून उठले नाही.