अठ्ठावीस मुद्द्यांत बसणारं गाव

६ जून, सकाळी
आज ठरलं. म्हणजे डॉक्टरांनी ठरवलं, पण निर्णय माझा. हिच्या छातीच्या फोटोत दोन्ही बाजूंना धूळ बसलेली दिसते म्हणे. बसणारच. गल्लीच्या मागे दगड कापायचा कारखाना, वीस वर्षं आम्ही खिडक्या लावून जेवतो. डॉक्टर म्हणाले, थंडी पडायच्या आत कोरड्या हवेच्या गावी बिऱ्हाड हलवा. हिने विचारलं, किती दिवसांसाठी? ते म्हणाले, कायमचं. पुढची थंडी हिला इथे झेपणार नाही. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, माझ्यावर सोडा.

पंख्यांच्या कारखान्यात तेहेतीस वर्षं तपासनीस होतो. माझ्या हातून एकही वाईट पंखा बाहेर गेला नाही. (चांगलेही फारसे गेले नाहीत असं मॅनेजर म्हणायचा, पण तो सेल्समधून आलेला.) पंखा पास करतात तसंच गाव पास करायचं. थंडीला पाच महिने आहेत. भरपूर झाले.

७ जून
तक्ता तयार. अठ्ठावीस मुद्दे. हवा, पाणी, आवाज, दवाखाना, रस्त्याचा उतार, शेजाऱ्यांच्या सवयी, वाचनालयात पेपर किती वाजता येतो, वगैरे. नियम कारखान्यातलाच. एका मुद्द्यात नापास, की माल परत. ही म्हणाली, हवेचा मुद्दा तेवढा बघितलात तरी पुरे. बिचारीला पद्धत माहीत नाही.

मुद्दा क्र. १९ : नातेवाइकांपासून अंतर किमान दोनशे किलोमीटर. हा सर्वसाधारण मुद्दा आहे. कुणाला डोळ्यांसमोर ठेवून घातलेला नाही.

१० जून
मेव्हणीचा फोन. हिची धाकटी बहीण. डोंगरावरच्या गावात शाळेत शिकवते, एकटी राहते, मोठ्याने बोलते. म्हणाली, भावोजी, शोधाशोध कशाला, माझ्या वरच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत, हवा कोरडी ठणठणीत आहे, ताईला घेऊन सरळ इकडे या. ही माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मी म्हणालो, तपासणीत घेतो. घेतलं. मुद्दा १९ मध्ये नापास. चार मिनिटांत निकाल लागला. सरकारी खात्यात याला चार महिने लागले असते.

२२ जून
पहिलं गाव. नमुने तीन : सकाळ, दुपार, संध्याकाळ. हवा पास. पाणी पास. दवाखाना तर चालत पाच मिनिटांवर. घरं दाखवणारा एजंट खुशीत. संध्याकाळी साडेसहाला समोरच्या घरातला इसम ट्रम्पेट शिकायला बसला. नापास. एजंट म्हणाला, साहेब, शिकेल ना तो कधीतरी. व्यवहारात विनोद करणारी माणसं मला चालत नाहीत.

ही दिवसभर बाकावर बसून होती. म्हणाली, सकाळपासून मी एकदाही खोकले नाही, तुमच्या लक्षात आलं का? आलं होतं. पण एका दिवसाच्या नमुन्यावर काय सिद्ध होतं?

१५ जुलै
दुसरं गाव. मुख्य रस्त्याला उतार. उतार मोजायची लेव्हल बरोबर नेली होती, म्हणून सापडलं. रस्त्यात बसून माप घेताना दहा-बारा माणसं जमली. एकाने विचारलं, इथे नवीन रस्ता होणार आहे का? मी म्हणालो, नाही, जुनाच नापास होणार आहे. ही दूर जाऊन उभी राहिली, आपण माझ्याबरोबर नाही असं दाखवत. असो.

२६ जुलै
पाय मुरगळला. लेव्हल घेताना नव्हे, घरीच. पंधरा दिवस प्रवास बंद. माझा काय दोष? या काळात तक्ता स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढायचा.

१९ ऑगस्ट
तिसरं गाव. अठ्ठावीसपैकी अठ्ठावीस मुद्दे पास. दोनदा मोजले. ही माझी बाही धरून उभी राहिली. एजंटने कागद काढले.

खरं सांगायचं तर मला तिथे बरं वाटेना. पोस्टात नाव दोनदा विचारलं. दुकानदाराने माझ्यानंतर आलेल्याला आधी सामान दिलं. इथे बँकेत गेलो तर निम्मे लोक उठून उभे राहतात, कारखान्यात कित्येक वर्षं दबदबा होता म्हणून. तिथे मी म्हणजे रस्त्यावरचा कोणीही म्हातारा. परतताना बसमध्येच मुद्दा क्र. २९ सुचला : गावाची माणसं ओळखण्याची क्षमता. नापास.

हिने बाही सोडली.

४ सप्टेंबर
कारखान्यातला जुना स्टोअरकीपर भेटला. बोलता बोलता म्हणाला, अहो, तुमच्या पाठीमागे सगळे तुम्हाला ‘रिजेक्ट’ म्हणायचे. मला माहीतच नव्हतं. रिजेक्ट! प्रेमाचंच नाव असणार, वचक असल्याशिवाय अशी नावं पडत नाहीत. घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे.

२० सप्टेंबर
लेकीचा फोन. बाबा, तुम्हाला खरंच जायचं आहे का, असं विचारते. मी म्हणालो, आवाज नीट येत नाही. ती म्हणाली, मला तर तुमचा श्वाससुद्धा ऐकू येतोय. फोन ठेवला. नेटवर्कचं काही खरं नाही.

११ ऑक्टोबर
एक गंभीर चूक लक्षात आली, बरं झालं वेळेत आली. माझे सगळे नमुने पावसाळ्याचे. थंडीचा नमुना न घेता गाव पास करणं म्हणजे पंखा न फिरवता खोक्यात भरणं. तेव्हा यंदाची थंडी सगळीकडे नीट पाहून घ्यायची आणि पुढच्या वर्षी ठामपणे हलायचं. हिला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, हो, पुढचं वर्ष मला दिसलं तर. या बायकांना टोकाचं बोलायची सवयच असते.

२८ ऑक्टोबर
थंडी पडली. हिला एक जिना चढायला तीनदा थांबावं लागतं. मी मागून चढतो, म्हणजे घाई केल्यासारखं वाटायला नको. आज ती पायरीवर बसली. मी म्हणालो, बस, काही गडबड नाही. ती म्हणाली, तुम्हाला कधीच नव्हती.

८ नोव्हेंबर, सकाळी
जिन्यातच हिचा आवाज बंद झाला. बोलायचं होतं, पण तोंडातून हवाच येईना. शेजारच्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावलाय.

१० नोव्हेंबर
डॉक्टरांनी विचारलं, कुठलं गाव ठरलं? मी खिशातून तक्ता काढून दिला. त्यांनी पुढून वाचला, मागून वाचला, घडी घातली आणि परत दिला. मग माझ्याशी न बोलता नर्सला सांगितलं, पेशंटच्या बहिणीला बोलावून घ्या. माझ्या समोर! तक्ता इतका सविस्तर आहे की घाईच्या माणसाला तो कळायचाच नाही.

१४ नोव्हेंबर
मेव्हणी येऊन हिला घेऊन गेली. दोन बॅगा. मेव्हणी अख्ख्या वेळात एक शब्द बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हणजे काय ते मला कळतं. मला वाटलं, ही दारात रडेल. रडली नाही. म्हणाली, अहो, तुम्ही तुमचं गाव बघून घ्या, सावकाश. हा समजूतदारपणा मला आवडला. आता निवांतपणे तपासणी पुरी करता येईल.

२ डिसेंबर
तपासणी नाही. तक्ता उघडला नाही. ताटावर धूळ बसते, ती मी पुसतो, पुन्हा बसते. ही हे वीस वर्षं करत होती. घरात कोणी खोकत नाही. ती गेल्यावर शांत वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही. आठवड्यातून एकदा फोन येतो, बरं आहे म्हणते, गोळ्या घेतल्या का विचारते, ठेवते.

१९ डिसेंबर
निर्णय! मेव्हणीचं गाव विशेष बाब म्हणून पास. मुद्दा १९ रद्द, २९ रद्द. माणसाने लवचिक असावं. हिला कळवणार नाही, एकदम दारात उभा राहणार. घर आवरायला घेतलं. चार ट्रंका भरतोय. पलंग, कपाट शेजाऱ्यांना देऊन टाकलं. माझी किल्लीही त्यांच्याकडेच. इथलं सगळं संपलं. बँकेतल्या लोकांचा निरोप घ्यायला गेलो. खुर्च्यांवर नवीन पोरं होती. कुणी उठलं नाही.

३ जानेवारी, दुपारी
पोचलो. ट्रंका स्टेशनच्या सामानघरात ठेवल्या. आधी तिचा चेहरा बघायचा, मग सामान आणायचं, असा बेत. चढावर दोनदा थांबलो. तिसऱ्यांदा थांबायच्या बेतात होतो, तेवढ्यात मागून आवाज आला. ही! हातात भाजीची पिशवी, बरोबर कोणी शेजारीण, आणि ही बोलतेय, हसतेय, चढतेय, सगळं एकदम. कुठे थांबली नाही. मला बघून थांबली.

म्हणाली, अगं बाई, तुम्ही! न कळवता? सगळं ठीक आहे ना तिकडे? पिशवी मी घेतो म्हणालो, तर म्हणाली, राहू दे, तुम्हाला दम लागलाय.

३ जानेवारी, संध्याकाळी
वरच्या दोन खोल्या. एकीत ही राहते, दुसरीत शिवण शिकवते. सहा मुली येतात. मुली तिला बाई म्हणतात. मला दोघी बहिणींनी चहा दिला, आग्रहाने जेवायला वाढलं, गरम पाणी काढून दिलं. कसलीही उणीव नाही. मेव्हणीने खाली बाहेरच्या खोलीत पाहुण्यांची गादी घातली. ही वर गेली. मघाशी वर असताना मी ट्रंकांचं बोलणार होतो, पण मुलींची शिवणयंत्रं मोजत बसलो.

५ जानेवारी
ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हणालो, तुझी तब्येत छान झाली. ती म्हणाली, हो. मी म्हणालो, हवा चांगली आहे इथली. ती म्हणाली, जूनमध्येही होती. रागाने नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं, मला रागाला उत्तर देता येतं. मग घडी घालता घालता तिने विचारलं, परतीचं तिकीट कधीचं आहे?

मी म्हणालो, परवाचं.

ती म्हणाली, बरं.

७ जानेवारी, स्टेशनवर
तिकीट सकाळी येऊन काढलं. सामानघरातला म्हणाला, काय साहेब, चार ट्रंका आल्या तशाच चालल्या? घरातून निघताना हिने प्रवासाला डबा दिला, मफलर नीट गुंडाळला. मी म्हणालो, स्टेशनपर्यंत येऊ नकोस, उगाच चढ-उतार. तिने हट्ट धरला, तर ट्रंका दिसतील, आणि त्या कुणाच्या म्हणून सांगायचं ते मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं.

तिने हट्ट धरला नाही.