रशीदच्या कॅबिनेटमधली चिठ्ठी

लातूर, मंगळवार संध्याकाळ

आजच्या घाईत नवा प्रोसेसर गेला, आणि रशीदच्या लेकीचा भरवसाही. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात रशीदनं आणि मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. तो जाऊन वर्ष झालं. क्लासच्या अभ्यासासाठी नाजनीनला त्याचाच कॉम्प्युटर फास्ट करून हवा होता.

"तुझ्या अब्बाच्या मनातलं मला न सांगता कळायचं," मी फुशारकीनं म्हणालो. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या झाकणाच्या आत त्याची उर्दू चिठ्ठी चिकटवलेली होती. असंल काहीतरी, म्हणून सोडली. मदरबोर्डाचा नंबरही बघितला न्हाई. प्रोसेसर दाबला, पिना वाकल्या.

मग नाजनीननं चिठ्ठी वाचली, "बेटा, या बोर्डात नवा प्रोसेसर बसत नाही. चाचा लई घाई करतील, त्यांना थांबव." हसता हसता रडायला लागली. "चाचा, आधी मला विचारायचं तर!"

वीस वर्षं एका काउंटरवर बसलो, पण त्याचं अक्षर मला वाचता येत नाही.