न्यायाधीश ढोलात बसले त्याची हकीकत

स्टोनीरॉइड, यॉर्कशर
९ मार्च १८९२

थोरल्या केझायाताईस जाबेझचा सप्रेम नमस्कार.

तुझा दमा कसा आहे? समुद्रकाठची हवा मानवली असेल. माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त बसताना जरा त्रास होतो. त्याचं कारण तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो.

आपल्या चॅपलचा गायकवृंद दर नाताळात बायबलमधल्या कथा कशा भारदस्तपणे गातो, आणि त्यात खर्जाच्या बाकावर मी एकतीस वर्षं बसतोय, हे तुला माहीत आहेच. यंदा नाताळ उरकताच आमच्या गाणेमास्तरांच्या, म्हणजे हेपवर्थच्या डोक्यात लंडनचं विनोदी संगीत नाटक शिरलं. गिरणीतल्या पोरी मागावर तीच गाणी गातात, मग आपण का नको, असं त्याचं म्हणणं. मी विरोधाचे सात मुद्दे कागदावर लिहून तालमीला गेलो. तिथे न्यायाधीशाचं काम करणारा गालगुंडाने आडवा झालेला. हेपवर्थ म्हणाला, मुद्दे मागाहून वाचा, तोवर एवढा खालचा सूर धरून ठेवा. मी धरला. ताई, तो सहा आठवडे सुटला नाही.

न्यायाधीशाला नाचावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मिसेस बॅरॅक्लफ (टोप्यांचं दुकान चालवणाऱ्या विधवा बाई, नाटकात माझी बायको) यांनी दुकानातलं टेबल भिंतीला सरकवून मला पावलं शिकवली. इकडे चॅपलचे कारभारी ग्रीनवुड यांनी जाहीर केलं, की जो रंगमंचावर चढेल त्याने आपला बाक गेला असं समजावं. मला चार दिवस जेवण गेलं नाही. (त्या बाकाखेरीज माझं गावात आहे काय?) तरी गेलो, हाती घेतलेलं गाणं अर्ध्यावर टाकणं मला जमत नाही.

शनिवारी सभागृह गच्च भरलं. पहिल्याच रांगेत ग्रीनवुड, पाप्यांची नावं टिपायला वही-पेन्सिल घेऊन. दुसऱ्या अंकात निकाल गात गात मी मागे सरून खुर्चीत बसायचं होतं. खुर्ची कुणीतरी हलवली होती (मीच, नाचताना). मी सरत सरत रंगमंचाच्या कडेवरून निघालो तो खाली वादकांच्या आडव्या ठेवलेल्या मोठ्या ढोलात, वरचं कातडं फाडून, बसलो. पाय वर, केसांचा टोप नाकावर. वादक थांबले नाहीत, म्हणून मीही थांबलो नाही. ढोल असा घुमला, की लोकांना वाटलं लंडनला असंच करतात. त्यांनी तीनदा पुन्हा म्हणायला लावलं, आणि मी अडकलेलाच असल्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. शेवटी मिसेस बॅरॅक्लफ यांनी दोन्ही हात धरून मला उपसलं.

रविवारी ग्रीनवुडनी बाजूला बोलावून वही उघडली. पान कोरं होतं. हसताना पेन्सिल मोडली, असं ते जमिनीकडे बघत म्हणाले. मग म्हणाले, "जाबेझ, हे पापच आहे. पण काल तुझा जो खर्ज लागला, तो एकतीस नाताळांत लागला नव्हता. जा, बाकावर बस. आणि आज तसाच लाव."

तुझा धाकटा भाऊ,
जाबेझ

ता. क. आईची अंगठी तुझ्याकडे आहे, ती नीट गुंडाळून पाठव. मिसेस बॅरॅक्लफ यांचं नाव सेलिना. त्यांनी माझा हात अजून सोडलेला नाही, मीही ओढून घेतलेला नाही.

आणखी ता. क. पुन्हा नाटकात पाऊल टाकणार नाही, हे तुला कळवायलाच पत्र लिहायला बसलो होतो. ते राहून गेलं. मंगळवारपासून नव्या नाटकाची तालीम आहे. ग्रीनवुड त्यात सरदार झालेत आणि सेलिनाच्या दुकानात रोज पावलं शिकायला जातात. तेव्हा अंगठी जरा लवकर पाठव.