खाडीपलीकडच्या शाळेचा ढोल

मास्तर, तुम्ही जाऊन किती वर्षं झाली हे मला आज सकाळपासून आठवत नाही आणि ते आठवत नाही म्हणून जिवाला घोर लागलाय. सुनेला विचारायची सोय नाही. तिने तुम्हाला पाहिलेलंच नाही. तुमच्या बाराव्याला मी आलो नव्हतो एवढं मात्र पक्कं आठवतं. ताप आलाय असं सांगून घरात पडून राहिलो होतो. ताप नव्हता. काल शाळेत कार्यक्रम झाला. जुन्या बँडपथकातल्या माणसांचा सत्कार होता. त्यातले आता आम्ही दोघेच उरलोय, आणि दुसरा मुंबईला मुलाकडे अंथरुणाला खिळलाय. म्हणजे मी एकटाच. काल काय झालं ते शेवटी लिहीन, आधी त्या ढोलाबद्दल लिहायला हवं. त्या दिवशी शेकोटीजवळ मी बसलो होतो हे तुम्हाला माहीत होतं. तिथे बसून मी काय केलं हेही तुम्हाला माहीत होतं का, हा एकच प्रश्न साठ वर्षं माझ्या मागे लागलाय. माझं अक्षर चांगलं नाही, शिक्षण आठवीपर्यंत आणि तीही दोनदा नापास. तरी समजून घ्या.

कागदोपत्री तुम्ही शाळेचे शिपाई होतात. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, मुख्याध्यापकांचा चहा आणायचा. पण पलटणीत बिगुल वाजवून आला होतात म्हणून शाळेने बँड तुमच्याकडे दिला, आणि बँडमुळे गावाने तुम्हाला मास्तर म्हणायला सुरुवात केली. तिठ्यावरचा न्हावीसुद्धा तुम्ही आलात की “येवा मास्तर” म्हणून खुर्ची पुसायचा. तुम्ही बसताना टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचात आणि तुमची छाती जराशी पुढे यायची. ते मी पाहिलंय. सकाळी शाळेआधी तुम्ही आम्हा चार बिगुलवाल्यांना वेळेवर, म्हणजे समुद्राच्या वाळूत, न्यायचात आणि समुद्राकडे तोंड करून उभं करायचात. लाटांच्या आवाजातून सूर पार गेला तरच तो सूर, असं म्हणायचात. बिगुलाला बटणं नाहीत, भोकं नाहीत, असतात ते पाचच सूर, आणि तेही ओठांनी शोधून काढायचे. मी गाल फुगवले की पाठीत बुक्की बसायची. “तो काय फुगो हा रे? जत्रेत इलंस?” एकदा थंडीत माझे ओठ फुटून रक्त आलं, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून मुठेलाचा गोळा आणलात. कोकमाच्या बियांचं ते तूप तुमच्या बायकोने घरी काढलं होतं. सगळ्या वर्गासमोर माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, “ओठ सांबाळ. तुझा शिक्षाण थयच आसा.” पोरं हसली. मी मात्र तो गोळा उशाखाली घेऊन झोपत होतो.

मी आठवीत दोनदा नापास झालो तेव्हा मुख्याध्यापक नाव काढायला निघाले होते. तुम्हीच त्यांना सांगितलंत की ह्या पोराचा दम बघा, कान बघा, असं पोर जिल्ह्यात मिळणार नाही. कारण तेव्हा आपल्याला एकाच शाळेला हरवायचं होतं. खाडीपलीकडच्या. प्रजासत्ताक दिनाला तालुक्याच्या मैदानावर संचलन व्हायचं, सगळ्या शाळांचे बँड यायचे, पण खरं भांडण आपलं आणि त्यांचं. लागोपाठ चार वर्षं ते जिंकले होते. आणि जिंकण्यापेक्षा वाईट ती परतीची रीत. ते तरीत, म्हणजे माणसं नेणाऱ्या होडीत, बसून घरी जाताना अख्खी खाडी ओलांडेपर्यंत बिगुल वाजवायचे, आणि आपण हरलेल्यांनी ह्या काठावर जेटीवर उभं राहायचं, बिगूल तोंड खाली करून धरायचे, त्यांची तर पलीकडे लागेपर्यंत हलायचं नाही. ही रीत कोणी पाडली कोण जाणे. आपण जिंकलो तर उलट, आपण जेटीवर वाजवायचं आणि त्यांनी तरीत गप्प बसून जायचं. मी दोन वर्षं तसा उभा राहिलो होतो. दुसऱ्या वर्षी त्यांचा मोठा ढोल वाजवणारा पोरगा, जाडा, कानात बाळी घातलेला, तरीतून ओरडला, “बिगूल धरलंस काय फुकणी रे? घरात ने, आवशीक चूल फुकूक होईत!” तरीतले सगळे हसले. माझी आई तेव्हा नुकतीच गेली होती. त्याला ते माहीत नसणार. आता मला कळतं, माहीत नसणार.

त्या वर्षीची सकाळ आठवते. दंव असं पडलं होतं की गवतातून चाललं की पायजमा गुडघ्यापर्यंत भिजत होता. दंवाने ढोलाचं पान, म्हणजे वरचं कातडं, सैल पडतं आणि ढोल ओल्या गोणीवर काठी मारल्यासारखा वाजतो. तुम्ही मैदानामागे सुरूच्या झाडांत सुक्या चुडतांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची, आग केलीत. आपला ढोल शेकत ठेवला. तेवढ्यात ते लोक आले, उशिरा. ओहोटीने त्यांची तर अडकली होती, ढोलावर पाणी उडालं होतं, आग पेटवायला वेळ नव्हता. त्यांचे शिक्षक लांबच उभे राहिले, मागायला लाजत होते. तुम्हीच हाक मारलीत, “आणा हो हयसर. आग काय आमच्या एकट्यांची हा?” आणि त्यांचा ढोल आपल्या ढोलाशेजारी ठेवून मला म्हणालात, “तू बस. तुझो कान बरो.” मला वेगळं काही सांगायची गरज नव्हती. बोटाच्या पेराने टिचकी मारत राहायचं. आधी डबडब वाजतं, मग आवाज भरतो, मग एकदम खणखणीत होतो. त्या क्षणी ढोल आगीपासून उचलायचा. त्यापुढे ठेवला तर आवाज चढत बारीक होत जातो आणि पान आतून करपतं. वरून काही दिसत नाही.

आपला ढोल खणखणला, मी उचलून लांब ठेवला. मग त्यांचा खणखणला. मास्तर, मी तो ऐकला. साफ ऐकला. मी उठलो नाही. आणखी एक टिचकी मारली, आवाज चढला. आणखी एक मारली, आवाज बारीक झाला. मी आगीत झावळीची एक चूड सरकवली, हेही लिहून टाकतो. नुसतं बसून राहिलो असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलोय, पण चूड सरकवली होती. मग रांगा भरायची शिट्टी झाली आणि तो बाळीवाला धावत आला, ढोल उचलून थाप मारून बघितली आणि तोंडभर हसला. “बरो शेकलंस रे! काय टणटणीत वाजता!” जाता जाता त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

सलामीच्या मंचासमोर तो ढोल फुटला. बंदुकीसारखा आवाज झाला असं लोक म्हणतात, तसं काही नाही. गादी फाडल्यासारखा फर्रकन आवाज झाला आणि मागून ठेकाच नाहीसा झाला. मोठ्या ढोलावर पावलं पडतात. ढोल गेला तशी त्यांची डावी-उजवी चुकली, पुढचा मागच्याच्या टाचेवर चढला, झांजवाला आडवा झाला. गर्दी हसली. आपण पहिले आलो. जेटीवर मी त्यांची तर पलीकडे लागेपर्यंत वाजवत होतो, आणि सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशीसारखा स्वच्छ सूर मला आधी कधी लागला नव्हता की नंतरही लागला नाही. तुम्ही जेटीवर आला नव्हतात. तुम्ही सुरूच्या झाडांत आग विझवत होतात.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या शाळेची तक्रार आली. आग तुमच्या शिपायाची होती, ढोल मुद्दाम जाळला. मुख्याध्यापकांनी तुम्हाला आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं. त्यांनी विचारलं, “ढोलापाशी कोण बसलं होतं?” मी बोलणार होतो असं वाटतं, नक्की सांगता येत नाही. पण तुम्ही अर्धा श्वाससुद्धा जाऊ दिला नाहीत. “मीच होतंय सायबानु. माझो कान चुकलो.” साहेब म्हणाले, “कान चुकणाऱ्याच्या हातात बँड कसा ठेवायचा?” तुम्ही म्हणालात, “बरोबर आसा.” एवढंच. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. त्यानंतर बँड पी. टी.च्या सरांकडे गेला. त्यांना बिगुल वाजवता येत नव्हता, नुसती शिट्टी वाजवता यायची. मी एक वर्ष कसंबसं काढलं आणि शाळा सोडली. मग बर्फाच्या कारखान्यात लागलो तो शेवटपर्यंत तिथेच. तुम्ही निवृत्त होईपर्यंत घंटा देत राहिलात. हळूहळू गावाने मास्तर म्हणायचं सोडून दिलं. नवीन पोरं तुम्हाला शिपाईकाका म्हणू लागली. कारखान्यात जाताना मला शाळेवरून जावं लागायचं. मी मागची वाट धरली, ती लांब पडत होती तरी.

गेल्या महिन्यात शाळेतून फोन आला, सत्कार आहे, चार शब्द बोला. तेव्हापासून झोप नाही. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही हे तीन-तीनदा बघतो. शेवटी एका सकाळी रिक्षा केली आणि खाडीपलीकडे गेलो, त्या बाळीवाल्याकडे. आता पूल झालाय, दहा मिनिटं लागत नाहीत. तो अंगणात सुपाऱ्या सोलत बसला होता. बाळी नव्हती, दातही नव्हते.

“खंयचे तुमी?”

मी सांगितलं.

“बिगूलवालो? आजून जितो आसस? बस मरे.”

मी बसलो आणि सगळं एका दमात सांगून टाकलं, चूडसुद्धा. तो सोलत राहिला. मग म्हणाला, “माका म्हायत आसा.”

मला वाटलं वयामुळे बोलतोय.

“तुजे मास्तर इले होते आमच्या शाळेत. तक्रारीनंतर. कातडा घेवन. दोन दीस पडवीत बसान ढोल मढवून दिल्यानी. मी दोरी धरूक होतंय. मी इचारलंय, खरा सांगा, तुमीच बसलेलास? तर माका म्हणाले, त्या पोराचो कान माज्यापेक्षा बरो. तेका आयकाक इला नाय असा होवचा नाय.”

त्याने एक सुपारी सुपात टाकली.

“म्हणाले, पण तेचा नाव घेव नको. बिगूल काडून घेतलो तर तेच्याकडे दुसरा काय उरात? मी सबूद दिलय. बायलेकय सांगूक नाय.”

तो म्हणाला, “रडतंस कित्याक मेल्या? ढोल पयल्यापेक्षा बरो वाजाक लागलो.” आणि निघताना गेटपर्यंत आला. “सत्काराक बोलतलंस मा? सांग थय. माझ्याकडे नको, थय सांग. मास्तरांचा नाव तरी सुटात. मी येतंय आयकूक.”

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. त्या ऑफिसात उभे होतात तेव्हाच माहीत होतं. आणि तरी त्यानंतर एकदा पावसात मी शाळेच्या फाटकाशी सापडलो तेव्हा तुम्ही तुमची छत्री माझ्यावर धरलीत आणि विचारलंत, “ओठ बरे आसत मा?” मी हो म्हटलं आणि छत्रीतून निघून पळालो.

काल हॉल भरला होता. भिंतीवर पी. टी.च्या सरांचा फोटो, तुमचा नाही. तुमचा फोटो मिळाला नाही असं म्हणाले. तो बाळीवाला नातवाच्या गाडीवर बसून आला होता, दुसऱ्या रांगेत, काठी दोन्ही पायांत धरून. माझं नाव पुकारलं. मी कागदावर लिहून नेलं होतं. पहिलं वाक्य असं होतं: तो ढोल मी जाळला, मास्तरांनी नाही. माइकसमोर उभा राहिलो, कागद उघडला, आणि समोर ती पोरं दिसली, नव्या बँडची, पांढरे पट्टे लावलेली, माझ्याकडे बघत. मी म्हणालो, शाळेने मला घडवलं. म्हणालो, त्या वर्षी आम्ही फार मेहनत घेतली होती. तुमचा उल्लेख केला, एकदाच, नाव न घेता, “आमचे एक शिपाईही मदत करायचे” असं. मास्तर, मी शिपाई म्हणालो. तोंडातून तोच शब्द आला. दुसऱ्या रांगेत त्याने मान खाली घातली.

बाहेर चपला घालताना तो माझ्याशेजारी आला. “बरा बोललंस,” म्हणाला. “ढोल तेवढो ईसारलंस.” आणि नातवाला हाक मारून गेला. मी थांबवलं नाही.

हा कागद कोणाला द्यायचा? त्याला देईन असं सकाळी वाटलं होतं, आता पत्त्यापर्यंत येऊन हात थांबलाय. सून दोनदा जेवायला बोलावून गेली, तिला वाटतं वीजबिलाचं काही लिहितोय. कपाटात ठेवीन. माझ्यामागे कोणाला सापडलं तर सापडलं, तेव्हा मला कोणाच्या डोळ्यांत बघावं लागणार नाही.

एकच राहिलं, तेही लिहितो, कारण तुमच्यापुढे लपवून उपयोग नाही. मी बोलून बसलो तेव्हा टाळ्या वाजल्या, बराच वेळ. मास्तर, त्या मला बऱ्या वाटल्या.