विहिरीचे नऊ दिवस

मेहरीनआपा,

हे पत्र तुला पाठवायचं धाडस मला व्हायचं नाही.

वडगावच्या विहिरीचं पाणी तू माझ्यासाठी तीन वर्षं रोज सकाळी दोर सोडून मोजलंस. सुरुवातीच्या पाण्यातल्या बोटभर फरकानं पुढचे सगळे आकडे बदलतात, हे मी तुझ्या वहीवरून मांडलं आणि गणितात नाव कमावलं.

वहीत नऊ दिवस कोरे होते. ते आकडे मी मनानंच भरले आणि छापलं, ‘एकही दिवस न चुकता मोजलेलं पाणी’. तुला मात्र काही विचारलं नाही.

काल दाजी सहज बोलून गेले. त्या नऊ दिवसांत तू बारामतीच्या दवाखान्यात होतीस. बाळ पोटातच गेलं होतं. दहाव्या दिवशी घरी येताच तू दोर मागितलास. म्हणालीस, “सादचं काम खोळंबलं असंल.”

तुझाच,
साद